जुने यंत्र मोडीत काढण्यापूर्वी

'विंडोज १०'चे नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले आणि नव्या आवृत्तीच्या अटींत न बसणारे धडधाकट संगणकही निकामी ठरू लागले. युनिक्सच्या धर्तीवरील लिनक्स प्रणाली त्यांना नवे आयुष्य देऊ शकते; तिच्या बहुतेक आवृत्त्या विनामूल्य आहेत. परंतु विनामूल्य म्हणजे बिनखर्ची नव्हे. वायफाय, ध्वनी वा प्रिंटर नव्या प्रणालीशी जुळला नाही, तर वाचलेल्या पैशाची किंमत वाया गेलेल्या वेळेने मोजावी लागते. म्हणून प्रणाली प्रथम पेनड्राइव्हवरूनच चालवून प्रत्येक भाग पारखावा, माहितीची प्रत काढून ठेवावी आणि मगच हार्ड डिस्कला हात लावावा. एवढी पारख न करता शाळा-कचेऱ्यांतील यंत्रे भंगारात धाडणे ही सार्वजनिक पैशाची उधळपट्टीच होय.