मावशींचा पगार

मार्चचा तिसरा आठवडा उजाडला की आपल्यातल्या पुष्कळांना एक फोन येतो. पलीकडे कंपनीतला कुणी तरुण माणूस असतो आणि तो घाईत असतो. "सर, शाळेला काय हवंय ते सांगा. फक्त एकतीस तारखेच्या आत बिल लागेल." मुख्याध्यापक गोंधळतात. काय हवे याची यादी त्यांच्या डोक्यात वर्षभर फिरत असते, पण दहा दिवसांत बिल फाडता येईल असे त्या यादीत काहीच नसते. शेवटी स्मार्ट टीव्ही येतो. गेल्या वर्षीही आलेला असतो. वीज असली तर तो चालतो. नसली तर त्याच्यावर फुलाफुलांचे कापड घालतात आणि पाहुणे आले की काढतात.

अशाच दिवसांत डोंगरातली एक छोटी निवासी शाळा चालवणारे स्नेही आमच्याकडे सीवूड्सला आले होते. रायगडातल्या कातकरी वाड्यांवरची मुले त्यांच्याकडे राहतात. दिवाळी झाली की आईबाप वीटभट्टीवर जातात ते पावसाच्या तोंडावर परततात. मुलांना ठेवणारे, जेवू घालणारे कुणी गावात नसेल तर मुलेही भट्टीवर जातात आणि हजेरीपटावर लाल शाईच्या रेघा वाढत जातात. शाळा चालते ती या चार-सहा महिन्यांच्या जेवणावर. ते जेवण करणाऱ्या बाईंना सगळी मुले मावशी म्हणतात.

हे स्नेही म्हणजे संस्थेचे सचिव. ते एसटीने पनवेलला आणि तिथून लोकलने आले. सीवूड्स-दारावेला उतरले की माणूस मॉलच्या पोटातच निघतो. स्टेशन आणि बाजार यांत भिंतच नाही. त्यांनी सुरक्षारक्षकाला विचारले, "स्टेशनाबाहेर कुठनं जायचं?" तो म्हणाला, "तुम्ही बाहेरच आहात." काखेत फाइल होती. ट्रस्ट डीड, नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, बारा ए, ऐंशी जी, सीएसआर-१ चा क्रमांक, तीन वर्षांचे ऑडिट, सगळे प्लॅस्टिकच्या कप्प्यांत नीट लावलेले. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात चेंज रिपोर्टसाठी हेलपाटे घातलेल्या माणसाचीच फाइल अशी लागलेली असते.

जवळच्याच एका कंपनीच्या कचेरीत बैठक होती. आम्ही ओळखीचे म्हणून सोबत गेलो. तिथल्या बाई सभ्य होत्या, चहा आला, फोटो पाहून झाले. मग त्यांनी विचारले, "ॲडमिन खर्च किती टक्के?"

"शून्य, मॅडम. सगळं सेवाभावानं चालतं."

बाईंनी ते लिहून घेतले. आम्ही खाली आलो. वडापाव खाताना सचिव हळूच म्हणाले की मावशींचा तीन महिन्यांचा पगार थकलाय आणि किराणावाला आता उधार द्यायला कुरकुरतोय. मग वर का नाही सांगितलेत, असे आम्ही विचारले. "पगार म्हटलं की चेहरे पडतात हो."

त्या कचेरीकडून पुढे पन्नास दप्तरे आली. दप्तरे चांगली होती.

हा प्रसंग छापण्याआधी आम्ही सचिवांना विचारले. नाव न घालता छापा म्हणाले, आणि म्हणाले की तुमच्या मासिकाचे निम्मे वाचक माझ्यासारखेच बोलत असतील. निम्मे ही त्यांची सभ्यता झाली.

निधी मागणाऱ्या कामातली सर्वांत महाग चूक हे 'शून्य' आहे, असे आमचे स्पष्ट मत झाले आहे. एक संस्था शून्य म्हणते, मग दुसरीला पाच म्हणायची लाज वाटते. देणाऱ्याची खात्री पटते की शाळा हवेवर चालतात. आणि खर्च मात्र कुठेतरी पडतोच: सचिवांच्या मोटारसायकलच्या पेट्रोलमध्ये, मावशींच्या न मिळालेल्या पगारात, वाण्याच्या वहीत.

यातली खेदाची गोष्ट अशी की कायदा आपल्याला हे खोटे बोलायला सांगतच नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते, हे आता सगळ्यांना पाठ आहे. नियमांत प्रशासकीय खर्चावर ५ टक्क्यांची मर्यादा आहे, हेही सगळे सांगतात. पण ती मर्यादा कुणाच्या खर्चावर? कंपनीने आपला सीएसआरचा विभाग चालवण्यासाठी केलेल्या सर्वसाधारण खर्चावर. एखादा प्रकल्प आखणे, राबवणे, त्यावर देखरेख ठेवणे यासाठी थेट झालेला खर्च त्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळलेला आहे. निवासी शाळा हा प्रकल्प असेल, तर स्वयंपाक करणाऱ्या बाईंचा पगार म्हणजे प्रकल्पच. परदेशी देणगीचा कायदा याहून कडक. २०२० च्या दुरुस्तीने तिथली प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली. तरी प्रशासकीय खर्चात काय धरायचे नाही हे सांगताना त्याच्या नियमांनी उदाहरणे दिली आहेत: इस्पितळातल्या डॉक्टरांचे पगार, शाळेतल्या शिक्षकांचे पगार. म्हणजे ज्या कायद्याला आपण सगळे घाबरतो त्यानेही शिक्षकाला कारकुनी खर्चात टाकलेले नाही. ते काम आपण बैठकीत, चहा पिता पिता, स्वखुशीने करतो.

पुढच्या वेळी हा प्रश्न आला की त्या दोन नियमांची छापील पाने फाइलमधून काढून समोर ठेवा. समोरच्या माणसालाही ती बहुधा नवीनच असतील.

सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या दत्तक शाळा योजनेचाही विचार याच अंगाने करायला हवा. कंपन्या, संस्था, व्यक्ती यांनी शासकीय आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळा पाच किंवा दहा वर्षांसाठी दत्तक घ्याव्यात, ग्रामीण शाळेसाठी अनुक्रमे ५० लाख आणि १ कोटी रुपयांच्या मोलाचे साहाय्य करावे, आणि इच्छा असेल तर शाळेच्या नावाला आपले नाव जोडावे, अशी ती योजना. टीका झाली ती मुख्यतः नावावरून आणि सरकार अंग काढून घेते आहे या भीतीवरून. भीती रास्त आहे. पण आम्हाला त्यातली दुसरी अट जास्त बोलकी वाटली: मदत रोख द्यायची नाही, वस्तू आणि सेवा यांच्या रूपाने द्यायची. रोख पैशात गैरव्यवहाराला वाव राहतो, हे खरेच. पण वस्तूला पगार देता येत नाही. पन्नास लाखांच्या वस्तू घेऊन शाळा उभी राहील, सोमवारी सकाळी मुलांना भाजी-भाकरी कोण करणार?

नावाचे म्हणाल तर आपल्याकडे दोन्ही वाटा मोठ्या माणसांनी चालून दाखवल्या आहेत. १९२० साली विठ्ठलदास ठाकरसींनी कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला १५ लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला ठाकरसींच्या आईचे नाव लागले. अण्णासाहेब कर्व्यांना त्यात कमीपणा वाटल्याचे कुठे दिसत नाही. उलट साताऱ्याच्या कॉलेजचे शिवाजी महाराजांचे नाव बदलले तर मोठी देणगी देऊ म्हणणाऱ्याला भाऊराव पाटलांनी कसे परत पाठवले, ही गोष्ट त्यांच्या रयत शिक्षण संस्थेच्या शाळांत आजही सांगितली जाते. आमचे म्हणणे इतकेच की नाव द्यायचे तर द्या, पण भिंतीच्या बदल्यात देऊ नका. दहा वर्षांच्या पगाराच्या बदल्यात द्या.

कर्वे आणि भाऊराव ही दोन नावे आपल्या प्रत्येक स्नेहसंमेलनात निघतात. दोघांनी पैसे कशासाठी मागितले आणि कसे मागितले, याकडे मात्र आपण फारसे पाहत नाही. १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, कर्व्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. ज्या खेड्यांत लोकल बोर्डाची शाळा पोचली नव्हती तिथे शाळा सुरू करणे हे त्याचे काम. विद्यापीठ उभे केलेला माणूस खेड्यातल्या चौथीपर्यंतच्या शाळेसाठी पुण्यात दारोदार लहान लहान वर्गण्या मागत हिंडला, आणि स्वतःच्या पेन्शनमधूनही त्यासाठी दरमहा पैसे काढत राहिला. दरमहा, हे महत्त्वाचे. शिक्षकाचा पगार महिन्याला लागतो, म्हणून वर्गणीही महिन्याला.

भाऊरावांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले इथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू केले. त्या मुलांच्या पोटासाठी मुष्टिफंड होता. घरोघरी मूठभर धान्य बाजूला काढायचे आणि ते गोळा करून वसतिगृहात आणायचे. मूठ कुणालाही जड नव्हती, आणि जिने मूठ दिली ती बाई त्या वसतिगृहाची झाली. हा निधी इमारतीचा नव्हता. रोजच्या जेवणाचा होता. आज आपण ज्याला चालू खर्च म्हणून तोंड लपवतो, नेमका त्याचाच.

मुठीने भागेना तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही वसतिगृहासाठी दिले. ही गोष्ट सांगताना आवाज कापरा होतो, व्हावाच. पण त्या गोष्टीचा एक वाईट उपयोग आपल्या धंद्यात होतो, तोही सांगायला हवा. महिन्याला पाच-सहा हजारांवर राबणाऱ्या शिक्षिकेने पगारवाढ मागितली की संस्थाचालक तिला लक्ष्मीबाईंची गोष्ट सांगतात. लक्ष्मीबाईंनी स्वतःचे दागिने दिले. नोकरीला ठेवलेल्या माणसाचे काढून घेतले नाहीत.

मुष्टिफंडाची आठवण सीवूड्समध्ये बसून काढण्याला कारण आहे. सिडकोने ज्या गावांच्या जमिनींवर हे शहर उभे केले त्यांतली करावे, दारावे ही गावे इथल्या टॉवरांच्या पायाशीच आहेत, आणि तिथे नवरात्राची वर्गणी कशी काढायची हे कुणाला शिकवावे लागत नाही. सोसायट्यांमध्येही गणपतीची वर्गणी प्रत्येक मजल्यावर पोचते. पावतीपुस्तक, खजिनदार, हिशेबाचा कागद लिफ्टशेजारी लावणे, सगळे चोख. हे कौशल्य आहे. फक्त ते आपण शाळेसाठी वापरत नाही. शाळेसाठी आपण एक मोठा दाता शोधत बसतो.

हिशेब अगदी साधा. शंभर घरांनी महिन्याला दोनशे रुपये दिले की वीस हजार होतात, वर्षाला दोन लाख चाळीस हजार. त्यात मावशींचा आणि त्यांच्या मदतनीस बाईंचा हंगामाचा पगार बसतो आणि किराणावाल्याची वही मिटते. शंभर घरे म्हणजे इथल्या एखाद्या सोसायटीच्या दोन इमारती. ही शंभर घरे एका मार्चमध्ये गळत नाहीत. कंपनीचा प्रकल्प कायद्यानेच सुरू झालेले वर्ष सोडून तीन वर्षांत संपतो, आणि कंपनीने आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावे असेही कायदा म्हणतो. रायगडात निदान कारखाने तरी आहेत. मोखाडा, सुरगाणा, अक्कलकुवा इथल्या शाळेच्या आसपास कुठली कंपनी येणार? त्यांना घरोघरीच जावे लागेल, आणि ती घरे शहरातच आहेत.

इथे एक जुनी सवय बदलावी लागेल. पगारदार माणसापुढे आपण पहिले वाक्य बोलतो ते ऐंशी जीच्या सवलतीचे. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते आणि तीत ही सवलत मिळत नाही. म्हणजे इथल्या बहुतेक नोकरदारांना त्या वाक्याचा आता उपयोग नाही. सवलत मिळत नसतानाही तो दोनशे रुपये का देईल, याचे उत्तर तुमच्याकडे हवे. आमच्या अनुभवात ते उत्तर एका कागदावर मावते: या महिन्यात किती मुले जेवली, किती भट्टीवरून परत आणली, मावशींना किती दिले. दर महिन्याच्या पाच तारखेला, सोसायटीच्या ग्रुपवर, पाच ओळी. जुन्या प्रणालीत राहिलेल्यांसाठी पावत्या चोख ठेवाव्याच लागतात: दोन हजारांवरची रोख घेतली तर त्यावर सवलत मिळत नाही, आणि वर्षाच्या देणग्यांचे विवरण, दहा बीडी, ३१ मेच्या आत भरायचे. उशीर झाला तर दिवसाला दोनशे रुपये दंड. एका घराची महिन्याची वर्गणी एका दिवसात गेली.

फोटोंबद्दल दोनच वाक्ये. नवे दप्तर घेऊन रांगेत उभे राहिलेल्या सातवीतल्या एका मुलीने फोटोच्या वेळी ते दप्तर तोंडासमोर धरले होते, ते आम्ही पाहिले आहे. तेव्हापासून या मासिकात मदत घेणाऱ्या मुलांचे चेहरे छापत नाही, आणि तुम्हीही ते कुणाला पाठवू नका.

सचिव या महिन्यात पुन्हा येणार आहेत. बैठक त्याच कचेरीत आहे. नवे अंदाजपत्रक त्यांनी आम्हाला आधी पाठवले. पहिली ओळ 'शैक्षणिक साहित्य' होती. आम्ही ती खाली नेली.

वाचकांना विनंती. जूनच्या अंकासाठी तुमच्या शाळेचे एक पानी अंदाजपत्रक २० एप्रिलपर्यंत पाठवा. संस्थेचे नाव नको असेल तर छापणार नाही. फक्त पहिली ओळ पगाराची असू द्या, आणि आकडा खरा लिहा.