स्वतःच्या चरित्राची मालकी

नटीने आत्मचरित्र लिहिले की ते कुतूहलापोटी चाळावे, त्यातील प्रवाद वेचून घ्यावेत आणि मग ग्रंथ निःशंकपणे बाजूला सारावा, अशी वाङ्मयाच्या दरबारातील जुनी वहिवाट आहे. डेन्मार्कच्या आस्ता नील्सन यांच्या बाबतीत ही वहिवाट उघड अन्यायाची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

१८८१ साली कोपनहेगनमधील वेस्टरब्रो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत, वारंवार बेकार होणाऱ्या मजुराच्या आणि धुणी धुणाऱ्या आईच्या पोटी जन्मलेल्या या मुलीने रॉयल थिएटरच्या नाट्यशाळेत शिक्षण घेतले खरे. परंतु रंगभूमीने तिच्या पदरात मोठी भूमिका घातली नाही. तेव्हा नाटकवाल्यांचे लक्ष वेधावे एवढ्याच हेतूने तिने १९१० मध्ये, पुढे तिचे पती झालेले उर्बान गाड यांच्या दिग्दर्शनाखाली, ‘आफग्रुन्देन’ हा मूकपट केला, आणि साऱ्या युरोपचे लक्ष तिच्याकडे वळले. पडद्यावरील नटमंडळी हातवाऱ्यांनी प्रसंग गाजवीत असता नील्सनबाईंनी किंचित झुकलेल्या पापणीवर, खांद्याच्या ओझरत्या हालचालीवर आणि स्तब्धतेवर भिस्त ठेवली. कॅमेऱ्यापुढच्या अभिनयाचे निराळे शास्त्र असते, हे त्यांना फार लवकर उमगले होते.

त्यांच्या सत्तरांहून अधिक चित्रपटांपैकी बहुतेक जर्मनीत झाले. १९२० साली त्यांनी स्वतःची चित्रसंस्था काढली आणि पुढच्याच वर्षी ‘हॅम्लेट’ पडद्यावर आणला, तोही असा की डेन्मार्कचा तो राजपुत्र वस्तुतः सिंहासन राखण्यासाठी पुत्र म्हणून वाढविलेली राजकन्या आहे. इतके धाडस दुसऱ्याच्या पेढीवर चाकरी करून साधले असते, असे मला वाटत नाही. पुढे नाझी हुकुमतीने त्यांना चित्रसंस्था देऊ केली, ती नाकारून त्या मायदेशी परतल्या.

पडद्याची कारकीर्द तोवर संपली होती; तेथे लेखणीची सुरू झाली. ‘दहावी कलादेवता’ या अर्थाच्या नावाचे त्यांचे आत्मचरित्र १९४५-४६ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाले. त्यांचे कितीतरी चित्रपट आज कायमचे नष्ट झालेले असल्यामुळे, त्या अभिनयामागील विचार जाणून घ्यावयाचा तर खुद्द अभिनेत्रीची ही साक्ष अव्वल दर्जाचा दस्तऐवज ठरते. अशा लेखनावर आत्मगौरवाचा आक्षेप सहज घेता येतो. परंतु ज्या स्त्रीचा चेहरा वीस-बावीस वर्षे निर्माते, वितरक आणि जाहिरातदार यांनी बाजारात फिरविला, तिने त्या चेहऱ्याचा इतिहास स्वतःच्या शब्दांत सांगावा, हा तिचा हक्कच होय. काय सांगू नये हे ठरविणेही त्या हक्कातच येते. १९०१ साली, अविवाहित असताना झालेल्या कन्येचा पिता कोण, हे त्यांनी कधीही उघड केले नाही. आणि ज्यांना ते मौन कुतूहलाचा विषय वाटते, त्यांनी त्या काळात अविवाहित मातेला समाजात कोणते स्थान होते, याचा आधी विचार करावा.

उतारवयात त्या कापडाचे तुकडे जोडून चित्रे करू लागल्या. १९६८ मध्ये, ऐंशी ओलांडून बरीच वर्षे झाली असता, त्यांनी स्वतःवरील माहितीपट स्वतःच दिग्दर्शित केला. काहींना हा वृद्धपणीचा हट्ट वाटेल. मला मात्र त्यात चित्रसंस्था काढणारी, देऊ केलेली संस्था नाकारणारी आणि आत्मचरित्र लिहिणारी तीच स्त्री दिसते.