न दिसणारा मुकादम

काही दिवसांपूर्वी कार्यकर्त्यांच्या एका अभ्यासवर्गात असंघटित श्रमिकांविषयी बोलताना मी बिडी कामगार, यंत्रमाग कामगार आणि घरकामगार स्त्रियांच्या पंक्तीत घरी बसून संगणकाचे काम करणाऱ्या तरुणांचाही उल्लेख केला. त्यावर एक जुने सहकारी हसून म्हणाले, ‘सर, ज्याच्या टेबलावर पाऊण लाखाचे यंत्र आहे आणि ज्याला डॉलरमध्ये पैसे मिळतात, तो कसला कामगार? तो तर दुकानदार. गिऱ्हाइकाने नावे ठेवली म्हणून दुकानदाराने गळा काढायचा असतो काय?’ वर्गात हशा पिकला. त्या हशाला उत्तर देणे मला आवश्यक वाटते. कारण त्यामागचे अज्ञान आपल्या सहकाऱ्याचे एकट्याचे नाही. ते आपल्या चळवळीचे आहे.

प्रथम एक हकीकत सांगतो. माझा एक माजी विद्यार्थी सांगलीजवळच्या एका गावी राहून परदेशी ग्राहकांसाठी ॲप आणि संकेतस्थळे तयार करतो. हे काम त्याला एका आंतरराष्ट्रीय मंचामार्फत मिळते. ग्राहक तेथे काम जाहीर करतो, कामगार बोली लावतो, आणि मंच आपले दलाली-शुल्क कापून घेतो. गेल्या वर्षी एका ग्राहकाने ठरलेले काम अर्ध्यावर आल्यानंतर मागण्या वाढवीत नेल्या. तिसऱ्यांदा बदल मागितला तेव्हा या मुलाने जादा कामाचे जादा पैसे मागितले. उत्तरादाखल ग्राहकाने त्याच्या नावापुढे एकच तारा ठेवला आणि शेरा मारला : आळशी, उद्धट, शब्दाला न जागणारा. पाच वर्षांत मिळविलेले गुणांकन एका रात्रीत घसरले. नव्या ग्राहकांना त्याचे नाव दिसेनासे झाले. पुढे आणखी एक विपरीत घडले. मंचाने त्याचे खाते ‘तपासणीसाठी’ गोठविले आणि दोन महिन्यांची कमाई आत अडकली.

त्याने चौदा पत्रे लिहिली. प्रत्येक पत्राला दोन मिनिटांत उत्तर आले. ‘आपली गैरसोय आम्ही समजू शकतो’ असे त्यात म्हटलेले असे आणि शेवटी एकाच मदत-पृष्ठाचा पत्ता असे. ही उत्तरे माणसाने लिहिलेली नाहीत, यंत्राने लिहिलेली आहेत, हे चौथ्या पत्रानंतर त्याच्या ध्यानात आले. तरी तो लिहीत राहिला, कारण दुसरे दारच नव्हते. एक्केचाळिसाव्या दिवशी खाते खुले झाले. ते का गोठविले आणि का खुले केले, हे आजतागायत त्याला कोणी सांगितलेले नाही. शेरा मात्र जागच्या जागी आहे. तो मला म्हणाला, ‘सर, पैसे उशिरा मिळाले याचे दुःख आहेच. पण मला सर्वांनी बोलावे आणि माझे मात्र कोणी ऐकू नये, हे सहन होत नाही.’

या एका वाक्यात संपूर्ण प्रश्न सामावलेला आहे. पण तो नवा मात्र नाही.

सोलापूर, अहिल्यानगर किंवा सिन्नरच्या बिडी कामगार स्त्रियांमध्ये ज्यांनी काम केले आहे त्यांना ‘छाट’ हा शब्द माहीत आहे. बाईने दिवसभर बसून वळलेल्या बिड्यांतून कारखानदाराचा माणूस हव्या तितक्या बाजूला काढी आणि ‘या खराब’ म्हणून त्यांची मजुरी कापी. बिडी खरोखर खराब आहे की नाही, हे ठरविण्याचा अधिकार त्याचा एकट्याचा. १९६६ च्या बिडी व सिगार कामगार कायद्याखाली राज्यांनी जे नियम केले, त्यांत छाटीवर सर्वसाधारणपणे शेकडा पाचाची मर्यादा घालण्यात आली. बिडी कारखानदार या कायद्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९७४ मध्ये तेथे हरले. तो कायदा २०२५ मध्ये नव्या श्रमसंहितेत विलीन झाला. पण त्याने प्रस्थापित केलेले तत्त्व महत्त्वाचे आहे. घरी बसून काम करणारी व्यक्तीही कामगारच असते, आणि मालाला नाव ठेवण्याचा मालकाचा अधिकार अमर्याद असू शकत नाही.

आता सांगा, या तरुणाच्या नावापुढील तो एक तारा आणि बिडीची छाट यांत कोणता फरक आहे? फरक असलाच तर तो बिडीवालीच्या बाजूने आहे. छाट त्या दिवसाची मजुरी नेई. तारा पुढील अनेक वर्षांचे काम नेतो.

मुंबईच्या कापड गिरण्यांतील मुकादमाची गोष्टही अशीच. बदली कामगाराला आज काम द्यायचे की परत पाठवायचे हे त्याच्या मर्जीवर असे, आणि त्या मर्जीची किंमत दस्तुरीच्या रूपाने वसूल होई. शाही श्रम आयोगाने १९३१ च्या आपल्या अहवालात या पद्धतीवर कठोर टीका केली. तरीही मुकादमाविषयी एक गोष्ट मान्य केली पाहिजे : तो दिसत असे. तो कोणत्या चाळीत राहतो हे कामगाराला ठाऊक होते. त्याच्या दारात जाऊन भांडता येत होते. आजचा मुकादम गणिती सूत्रात राहतो. काही मोठ्या मंचांवर ग्राहकाचा एक अभिप्राय जाहीर असतो आणि दुसरा खाजगी. खाजगी अभिप्राय कामगाराला कधीही दाखविला जात नाही, पण त्याच्या गुणांकनात तो धरला जातो. आरोपीला आरोप न सांगता शिक्षा देणाऱ्या न्यायासनाला आपण काय म्हटले असते?

येथे काही मित्र आक्षेप घेतील की, पैसे देणाऱ्या ग्राहकाला टीकेचा अधिकार नको काय? अवश्य हवा. निकृष्ट काम करून पैसे घेऊन पसार होणारे डेव्हलपर आहेत, आणि त्यांच्यामुळे ठकलेले छोटे दुकानदारही मी पाहिले आहेत. माझी तक्रार टीकेविषयी नाही. टीकेला कारण असले पाहिजे, ती ज्याच्यावर केली त्याला उत्तर देता आले पाहिजे, आणि दोघांचे ऐकून निर्णय देणारा तिसरा कोणीतरी असला पाहिजे. शाळेतील परीक्षकालाही उत्तरपत्रिकेची फेरतपासणी मान्य करावी लागते. ग्राहकाच्या लहरीला मात्र फेरतपासणी नाही.

असल्या बेजबाबदार टीकेची किंमत केवळ त्या तरुणाला मोजावी लागते असेही नाही. जगभरच्या असंख्य संगणकांत वापरली जाणारी ‘एक्सझेड’ नावाची एक छोटी प्रणाली अनेक वर्षे एक माणूस फावल्या वेळात, विनामूल्य सांभाळीत होता. २०२२ मध्ये काही अनोळखी मंडळी त्याच्या मागे लागली : काम संथ चालले आहे, जमत नसेल तर दुसऱ्याकडे सोपवा. आपले मनःस्वास्थ्य ठीक नाही आणि हे बिनपगारी काम आहे, असे त्याने सांगितले. तरी टोचणी थांबली नाही. अखेर मदतीचा हात पुढे करणाऱ्या एका नवख्याला त्याने अधिकार दिले. त्या नवख्याने प्रणालीत चोरवाट बसविल्याचे मार्च २०२४ मध्ये उघडकीस आले, तेही एका अभियंत्याला संगणकात प्रवेश करताना अर्ध्या सेकंदाचा विलंब खटकला म्हणून. ते टीकाकार बनावट असावेत असा सुरक्षातज्ज्ञांचा सबळ संशय आहे. कोट्यवधी लोक ज्याच्या श्रमावर विसंबून होते त्याला एकही पैसा कोणी दिला नव्हता. दूषणे द्यायला मात्र माणसे सापडली.

आता मुख्य प्रश्नाकडे वळतो. मंचाची ग्राहक सेवा इतकी वाईट का असते? वृत्तपत्रे याला हलगर्जीपणा म्हणतात. अर्थशास्त्राचा अध्यापक म्हणून मला ते उत्तर पटत नाही. अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये एका छोट्या ग्रंथात दाखवून दिले की, एखादी संस्था बिघडू लागली की तिच्याशी संबंधित माणसापुढे दोन मार्ग असतात : बाहेर पडणे किंवा आवाज उठविणे. संस्थेला सुधारण्याची गरज भासते ती या दोन्ही मार्गांच्या धाकामुळे. मंचावरील कामगाराचे दोन्ही मार्ग बंद आहेत. तो बाहेर पडू शकत नाही, कारण पाच वर्षांची पत त्या मंचाच्या खातेवहीत आहे आणि ती दुसरीकडे नेता येत नाही. नव्या मंचावर तो पुन्हा शून्य ताऱ्यांचा उमेदवार. आणि आवाज उठवावा तर ऐकणारा यंत्रमानव. मग त्याची तक्रार ऐकण्यासाठी पगारी माणूस नेमण्यात मंचाचा लाभ तो काय? एकजण कंटाळून गेला तर त्याच्या जागी मनिलाचा, लाहोरचा, लागोसचा दुसरा उभा आहे. ग्राहकाची तक्रार मात्र तत्परतेने ऐकली जाते, कारण पैसा तो आणतो. ही वाईट सेवा हिशेब करून वाईट ठेवलेली आहे, आणि म्हणूनच ती विनंतीअर्जांनी सुधारणार नाही.

कायदा काय म्हणतो? सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये संमत झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली. तिने गिग कामगार व मंच-कामगार यांची व्याख्या केली, आणि मंचचालकांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम, कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या पाच टक्क्यांच्या मर्यादेत, सामाजिक सुरक्षेसाठी द्यावी असे म्हटले. ही प्रगती आहे, हे मान्य. पण म्हातारपणाची तजवीज म्हणजे अन्यायाविरुद्धची दाद नव्हे. ई-व्यापारविषयक २०२० च्या नियमांनुसार ग्राहकाच्या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात झाले पाहिजे. तक्रारदार कामगार असेल तर? स्वयंरोजगाराने उपजीविका करणारा माणूस ग्राहक ठरू शकतो, एवढी एक फट ग्राहक कायद्यात आहे. पण परदेशी मंचाशी त्या फटीतून लढण्याचे बळ एकट्यादुकट्याच्या अंगी कोठून येणार? ग्राहक देशातलाच असेल तर २००६ चा लघुउद्योग कायदा उपयोगी पडतो. नोंदणी केलेल्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे फार तर ४५ दिवसांत चुकते झाले पाहिजेत, नाही तर बँक-दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यावे लागते. ही गोष्ट किती तरुणांना ठाऊक आहे? आणि ती सांगायला त्यांच्या दारात आपल्यापैकी किती जण गेले आहेत?

नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०–२१ मध्ये देशात ७७ लाख गिग कामगार होते आणि २०२९–३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील असा अंदाज आहे. त्यांतील सगळेच संगणकावर काम करीत नाहीत; अनेकजण दुचाकीवरून डबे आणि माल पोचवितात किंवा मोटारी चालवितात. पण ताऱ्यांचा आसूड दोघांच्याही पाठीवर सारखाच पडतो. म्हणूनच डेव्हलपरला ‘दुकानदार’ म्हणून बाजूला काढणे म्हणजे मालकाच्या हाती फुटीचे शस्त्र देणे होय. दुकानदार आपल्या मालाचा भाव ठरवितो आणि गल्ल्यावर त्याचा हात असतो. ज्याचा गल्ला दुसरा कोणी न विचारता कुलूपबंद करू शकतो, त्याला दुकानदार म्हणणे ही भाषेची थट्टा आहे.

यावर उपाय नाही असे नाही. कर्नाटकाने २०२५ च्या आपल्या कायद्यात, कामगाराला मंचावरून काढण्यापूर्वी चौदा दिवसांची सकारण लेखी सूचना देण्याचे बंधन घातले. युरोपीय संघाने २०२४ च्या निर्देशात, खाते बंद करण्यासारखा निर्णय यंत्रावर सोडता येणार नाही, तो माणसानेच घेतला पाहिजे, असे ठरविले. आणि आपण महाराष्ट्राने तर याहून आधी वाट दाखविली आहे. ज्या हमालाला रोज नवा मालक असतो त्याला कायद्याचे संरक्षण देता येणार नाही, असे मोठमोठे पंडित सांगत होते. १९६९ च्या माथाडी कायद्याने मालक, कामगार आणि शासन यांची मंडळे उभारली, मजुरी मंडळामार्फत दिली, आणि पंडितांना खोटे पाडले. राजस्थानने २०२३ मध्ये गिग कामगारांसाठी केलेल्या कायद्यातील मंडळ आणि उपकर यांची जातकुळी हीच आहे. मग त्या कायद्याच्या जन्मभूमीने मागे का राहावे?

आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. शेरा सकारण असावा आणि तो कामगाराला दिसावा. त्याविरुद्ध ठराविक मुदतीत हाडामांसाच्या माणसाकडे अपील करता यावे. कमावलेली मजुरी कारण लेखी कळविल्यावाचून गोठविता येऊ नये. कामाची पत ही कामगाराची मालमत्ता मानावी आणि ती त्याला दुसऱ्या मंचावर नेता यावी. आणि या साऱ्यावर देखरेख ठेवणारे, माथाडीच्या धर्तीवरचे त्रिपक्षीय मंडळ राज्याने स्थापावे.

परंतु कायदे आपोआप होत नसतात. माथाडी कायद्याच्या मागे संघटित हमालांची ताकद होती. हा नवा कामगार आपापल्या खोलीत, दार लावून, रात्री दोन वाजता यंत्रमानवाला पत्रे लिहीत बसला आहे. आपल्यासारखेच आणखी शेकडोजण त्याच गावात आहेत हे त्याला ठाऊक नाही. त्यांना एका सतरंजीवर बसविण्याचे काम कोणतेही सूत्र करणार नाही. ते आपले काम आहे. पुढच्या अभ्यासवर्गाला मी त्या मुलाला बरोबर आणणार आहे. त्या दिवशी आपल्या जुन्या सहकाऱ्याने पहिल्या रांगेत बसावे आणि हसण्यापूर्वी त्याचे म्हणणे पूर्ण ऐकून घ्यावे, एवढीच विनंती आहे. निदान आपण तरी त्याला यंत्राचे उत्तर देऊ नये.