क्विंटल मोजता, कडबा कोण मोजणार?



मिरग तोंडावर आला. आता सल्ल्यांचाही पाऊस पडेल. हे बियाणं घ्या, ते खत टाका, अमुक फवारा. नागपूरला १९७६ पासून केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे, अकोल्याला १९६९ पासून कृषी विद्यापीठ आहे. त्यांचं सगळंच वाईट, असं आमचं म्हणणं नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय कोरडवाहू कापूस लावू नका, हे त्यांचं सांगणं ऐकाच. एका सरीवर भुलून पेरलं की बियाणं जातं आणि कर्ज राहतं.

पण गावात सल्ला पोचतो तो बहुतेक दुकानदाराच्या तोंडून. तो थैली विकतो, म्हणून थैलीचाच सल्ला देतो. त्यात हिशेब एकच, एकरी क्विंटल किती. ढोरं काय खातील, हे त्यात कुठंच नसतं.

ज्वारीच्या कणसावर माणूस जगतो, कडब्यावर बैल जगतो. पऱ्हाटी चुलीला काड्या देते. सरकी जिनिंगमध्ये जाते आणि ढेप होऊन आपल्यालाच विकत मिळते. सगळं वावर कापसाखाली गेलं की चारा संपतो, मग बैल विकावा लागतो. बैल गेला की डवरण भाड्यानं आणि शेणखताच्या जागी युरिया. म्हणजे पुन्हा दुकानदाराचंच दार!

मग आपण ज्वारी सोडली का? २००२ मध्ये बीटी कापूस आला, पैशाची आशा दिसली, हे खरं. पण रानडुकरं आणि रोही ज्वारी ठेवत नाहीत, हेही तितकंच खरं. पेंच १९७५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं, १९९९ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. चराई बंद झाली. आपलं ढोर जंगलात गेलं तर गुन्हा, जंगलातलं डुक्कर आपल्या वावरात आलं तर निसर्ग. हा कुठला न्याय?

चराई ही कोणाची मेहरबानी नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३ मध्ये चराईचा सामूहिक हक्क लिहिलेला आहे. आपल्या भागात गावाचं निस्तार पत्रक असतं, तेही पुरावा म्हणून चालतं. म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाबही चालतो. गडचिरोलीच्या मेंढा-लेखानं २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. नुसत्या वावराच्या पट्ट्यावर समाधान मानणाऱ्या गावाचं अर्धंच काम झालं आहे.

या हंगामात एवढं करा:

१. पट्ट्याच्या जमिनीचा निदान चौथा हिस्सा ज्वारीला ठेवा. पाच-सहा घरांनी लागून लागून पेरा, म्हणजे जागल सगळ्यांची मिळून होईल.

२. उंच धांड्याची गावरान ज्वारी पेरा. बुटक्या संकरित ज्वारीला कडबा कमी आणि तिचं बियाणं दरवर्षी विकत. गावरानचं बियाणं घरात राहतं.

३. पऱ्हाटीत मधून मधून तुरीचं तास टाका. डाळ घरात येते, कुटार ढोरांना होतं.

४. पावसानं ताण दिला असेल तर कोवळ्या ज्वारीत ढोरं सोडू नका. तिच्यात विष असतं, ढोर जागेवर दगावतं. फुलोऱ्यानंतरच वैरण कापा.

५. डिसेंबरअखेर कापसाची उलंगवाडी करा. फरदड ठेवली की गुलाबी बोंडअळी पुढच्या सालापर्यंत मुक्काम करते. नुकत्या फवारलेल्या वावरात मात्र ढोरं नेऊ नका.

६. डुकरांनी पीक खाल्लं तर लगेच वनखात्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रारीला कोणी विचारत नाही.

येत्या ग्रामसभेत दोन ठराव झालेच पाहिजेत. एक, सामूहिक चराई हक्काचा दावा. दुसरा, कृषी खात्याला पत्र: आमच्या गावात सल्ला द्यायला याल तेव्हा कापसाबरोबर ज्वारीचं आणि चाऱ्याचंही बोला. बाया ढोरं चारतात, वैरण आणतात, बियाणं राखतात. त्या सभेत पुढं बसल्या पाहिजेत.

पोळ्याला बैलाच्या शिंगांना रंग लावायचा असेल, तर त्याच्या वैरणीची लढाई आजच सुरू करावी लागेल.