दम्याच्या माणसाचे अंथरूण



भातकापणी आटोपली, झोडणी झाली, आता चार दिवस उसंत मिळेल. पावसाळाभर दमट राहिलेली अंथरुणे उन्हात काढायचे आणि जुनी गादी मोडून नवी करायचे हेच दिवस. अशा वेळी एक प्रश्न हमखास विचारला जातो : "सासूबाईंना दमा आहे. नव्या गादीचा वास त्यांना सोसत नाही, छाती भरते. औषधे न मारलेली गादी कोणती ते सांगा."

शेतीखात्यातल्या माणसाला गादीतले काय कळणार, असे काहींना वाटेल. पण कापूस, काथ्या, सावर, रबर ही सारी शेतात आणि बागेतच होतात. आणि घरातल्या अंथरुणाला जी विषारी औषधे लागतात, तीही बहुधा आपल्या शेतीच्याच वाटेने येतात. म्हणून आज थोडे सविस्तर लिहितो.

आधी त्रास कशाचा ते ओळखा

सकाळी उठल्याबरोबर शिंका, नाक वाहणे, रात्री दम लागणे आणि पावसाळ्यात हे सारे वाढणे, ही लक्षणे बहुधा धुळीतल्या किड्यांची किंवा बुरशीची असतात. हा किडा मिलिमीटरच्या एक तृतीयांशाएवढा, म्हणून सहसा नजरेस पडत नाही. माणसाच्या अंगावरून गळणाऱ्या कातडीच्या कोंड्यावर तो जगतो आणि पाणी हवेतल्या ओलाव्यातून घेतो. घरातल्या धुळीने येणारा दमा या किड्यामुळे होतो, हे नेदरलँड्समधील लायडन येथील संशोधकांनी १९६० नंतरच्या दशकात दाखवून दिले. आपल्या रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि चार महिने हवा ओलीचिंब असते. किड्याला याहून चांगले घर कोणते? गादी कापसाची आहे की फोमची, याची तो चौकशी करीत नाही.

नवी गादी आल्यावरच डोके दुखणे, डोळे चुरचुरणे, घशात खवखव होणे आणि बाहेर पडवीत निजल्यावर बरे वाटणे, असे असेल तर वासाचा, म्हणजे रसायनांचा संशय घ्यावा. अंगाला जिथे गादी लागते तिथेच पुरळ येत असेल तर कापडाचा रंग, खळ किंवा रबर यांकडे पाहावे. तिन्ही प्रकार एकाच माणसात असू शकतात, म्हणून डॉक्टरांना दाखवून घ्यावे. गादी बदलली म्हणून दम्याचे औषध किंवा पंप आपल्या मनाने बंद करू नये.

आत काय भरले आहे?

साधा कापूस. मला विचाराल तर आपल्याकडे याचीच निवड आधी करावी. कारण तो उसवता येतो, उन्हात टाकता येतो, पुन्हा पिंजता येतो. सहा फूट बाय तीन फूट गादीला साधारण ८ ते १० किलो कापूस लागतो. मात्र तो डोळ्यांनी पाहून घ्यावा. स्वस्त गादीत बहुधा चिंध्या आणि शिवणकामाची कातरणे दळून केलेला माल भरतात. मळकट करडा रंग, मधूनच लाल-निळे धागे आणि तेलकट वास ही त्याची खूण. असला माल आजारी माणसासाठी घेऊ नये. पिंजारी दारात आला तर त्या दिवशी दम्याच्या माणसाला शेजारी किंवा पाहुण्यांकडे पाठवावे, कारण पिंजताना उडणारी धूळच त्याला जास्त बाधते.

सेंद्रिय कापसाविषयीही विचारणा होते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. फवारणाऱ्याच्या जिवाचा विचार करून सेंद्रिय कापूस घेतला तर ते चांगलेच आहे. पण निजणाऱ्याच्या दृष्टीने पाहता, कापसावर शेतात काय फवारले यापेक्षा पुढे कापडावर आणि गादीवर काय चढवले, याचा संबंध अधिक येतो.

सावरीचा कापूस. उशीला उत्तम. हलका, मेणचट, ओल लवकर न धरणारा. उन्हाळ्यात बोंडे फुटण्याआधी काढून, कापडात झाकून वाळवावीत आणि बी नीट वेगळे करावे. तंतू आखूड आणि फार उडणारा, तेव्हा खोळ घट्ट विणीची हवी आणि ती भरण्याचे काम दमेकऱ्याने करू नये.

काथ्या. सोडणे आपण न्हाणीच्या चुलीत घालतो आणि त्याच काथ्याची गादी शहरातून विकत आणतो! वेंगुर्ल्याच्या महिलांनी सहकारातून काथ्याचा उद्योग उभा केला, हे उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. काथ्यात लिग्निनचे प्रमाण मोठे, म्हणून तो लवकर कुजत नाही. त्यातून हवा खेळते आणि पाठीला घट्ट आधार मिळतो. पण एक गोष्ट ध्यानात असू द्या. बाजारातली काथ्याची गादी म्हणजे नुसता काथ्या नव्हे. काथ्यावर रबराचा चीक फवारून, तो तापवून पक्का केलेला असतो. त्यात गंधक आणि इतर द्रव्ये असतात. शिवाय वरखाली फोमचा थर लावण्याची पद्धत आहे. ज्यांना रबरी हातमोजे किंवा फुगे यांनी खाज सुटते त्यांनी ही गादी, तसेच रबराच्या चिकाची लेटेक्स गादी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. काथ्याची गादी धुता येत नाही. एकदा आत ओल गेली की बुरशी धरते.

फोम. हा खनिज तेलापासून मिळणाऱ्या रसायनांचा बनतो. नवेपणी वास येतो, तो काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी कमी होतो. घ्यावाच लागला तर वेष्टन काढून आठ-पंधरा दिवस पडवीत वाऱ्यावर ठेवावा आणि वास गेल्यावरच आत न्यावा. तुकडे चिकटवून केलेला रंगीबेरंगी फोम मात्र टाळावा. त्यात कुठला माल आणि कोणता डिंक आहे, हे कळायला मार्ग नसतो.

पेंढा. भाताच्या पेंढ्यावर निजायची सवय जुनी आहे, पण पेंढ्यात धूळ आणि बुरशी असते. दम्याच्या माणसाला तो नको.

आणि गोधडी. जुन्या सुती लुगड्यांची गोधडी हिणवू नका. शंभर वेळा धुतलेल्या कापडातला सुटा रंग आणि खळ केव्हाच निघून गेलेली असते. ती उकळत्या पाण्यात घालता येते आणि एका दुपारी वाळते. दोन-तीन गोधड्या एकावर एक घातल्या तर अनेकांना तेवढे अंथरूण पुरते.

दुकानात काय विचारावे?

आतला माल उसवून किंवा चेन उघडून दाखवा, असे स्पष्ट सांगावे. थर किती, कशाचे, ते डिंकाने चिकटवले की दोऱ्याने टाचले, हे विचारावे. टाचलेली गादी बरी. ढेकूण, वाळवी किंवा बुरशी लागू नये म्हणून काही औषध मारले आहे का, तेही विचारावे. "मारले आहे, म्हणून चांगली" असे उत्तर आले तर ती गादी आपल्या कामाची नाही. लेबलावर ओएको-टेक्स असे लिहिले असेल, तर कापडातली घातक द्रव्ये तपासलेली आहेत असा त्याचा अर्थ. गॉट्स ही खूण सेंद्रिय कापडाची. पण ती खूण नुसत्या खोळीची आहे की सबंध गादीची, हे पाहावे. 'नैसर्गिक' आणि 'हर्बल' या शब्दांना पुराव्याशिवाय किंमत देऊ नका.

घरी करण्याजोगी एक साधी परीक्षा आहे. भरणाचा तळहाताएवढा तुकडा मागून आणा. स्वच्छ काचेच्या बरणीत घालून झाकण लावा आणि दुपारभर उन्हात ठेवा. संध्याकाळी झाकण उघडून घरातल्या निरोगी माणसाने वास घ्यावा. उग्र दर्प आला तर ती गादी घेऊ नये. ही प्रयोगशाळेची परीक्षा नव्हे, पण पैसे मोडण्याआधी बरेच कळते.

खोळ साध्या मांजरपाटाची करावी. कोऱ्या कापडाला खळ असते. सुरकुत्या न पडणाऱ्या कापडावर तर फॉर्मलिनच्या जातीचे द्रव्य चढवलेले असू शकते. म्हणून दोन-तीनदा गरम पाण्यात धुऊनच कापड शिवावे. नव्या प्लायच्या पलंगातूनही तसलाच वास सुटतो आणि दोष मात्र गादीला येतो. फणसाच्या फळ्यांची, मध्ये फटी ठेवलेली साधी खाट बरी. गादीला खालून हवा मिळते.

आपणच घातलेले विष

संगमेश्वर तालुक्यात एका घरी आजींसाठी महागाची गादी आणली होती, तरी खोकला हटेना. मी खाट उचलायला लावली. खाली ढेकणांसाठी टाकलेली पांढरी भुकटी, कोपऱ्यात आंब्याच्या तुडतुड्यांवर फवारायच्या औषधाचे दोन डबे, आणि उशाच्या पेटीत डांबराच्या गोळ्या! मुलाने हे सारे बाहेर काढले, भिंती-जमीन पुसली, अंथरूण धुतले. पुढच्या भेटीत आजींचा खोकला पुष्कळ उतरला होता. गादी तीच होती.

पिकावरचे औषध अंथरुणावर कधीही वापरू नका. बीएचसी भुकटीवर १९९७ साली बंदी आली, लिंडेनच्या वापरावर २०१३ साली, आणि डायक्लोरव्हॉसवर २०२० च्या अखेरीस. जुने डबे घरात पडून असतील तर ते वापरू नका, विहिरीकाठी ओतू नका आणि जाळूही नका. कृषी कार्यालयात विचारून त्यांची वाट लावा. फवारणी केलेल्या माणसाने आंघोळ करून, कपडे वेगळे टाकल्याशिवाय अंथरुणाला शिवू नये. तान्ह्या मुलांच्या कपड्यांत तर डांबराच्या गोळ्या मुळीच ठेवू नयेत. त्यांच्या वाफेने काही मुलांचे रक्त बिघडते.

ढेकणांसाठी खाट अंगणात काढून सांध्यांत आणि फटींत कढत पाणी ओतावे. दर आठवड्याला करावे, कारण अंड्यांतून नवे ढेकूण निघतात. धुरी मात्र नको. कडुनिंबाच्या पाल्याची झाली तरी तो धूरच, आणि दम्याच्या छातीला तो सोसत नाही.

वर्षभराची निगा

खोळी-चादरी दर आठवड्याला चांगल्या कढत पाण्यात धुवाव्यात. उघाडीच्या दिवसांत गादी दोन्ही बाजूंनी उन्हात टाकावी. झटकायचे काम दुसऱ्याने, घराबाहेर करावे. पावसाळ्यात निजायच्या खोलीत ओले कपडे वाळत घालू नयेत, गादी जमिनीवर किंवा भिंतीला चिकटून ठेवू नये, आणि पाऊस थांबला की खिडक्या उघडाव्यात. बुरशीचा वास धरलेली कापसाची गादी उसवून, खराब कापूस फेकून द्यावा. काथ्याच्या किंवा फोमच्या गादीत बुरशी आत गेली असेल तर तिचा मोह सोडावा.

तेव्हा गादी घ्यायला जाल तेव्हा आधी एवढेच पाहा : ती उघडता येते का, तिची खोळ धुता येते का, आणि घरातल्या बाईमाणसाला ती एकटीने उन्हात नेता येईल का. किंमत आणि जाहिरात त्यानंतर. आणि निघण्यापूर्वी घरातल्या खाटेखाली एकदा वाकून जरूर बघा.