अंडं, पण बिनअंड्याचं!

विरार फास्टमध्ये चौथी सीट मिळणं आणि मार्झिपानचं अंडं न फुटता साच्यातून बाहेर येणं, या दोन गोष्टींना नशीबच लागतं, बॉस! पहिल्या गोष्टीवर माझ्याकडे उपाय नाही. दुसरीवर आहे, आणि तो मी एका प्लास्टरमधल्या हाताच्या देखरेखीखाली शिकलेय.

थांबा, आधी एक कन्फेशन. वसईत भाड्याने राहायला आल्यावर २०२२ आणि २०२३, असे दोन ईस्टर मी एक भयंकर चोरटा प्रकार केला. आमच्या मजल्यावर एक आंटी राहतात. ईस्टरच्या रविवारी सकाळी त्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये डिश वाटतात. क्रोशाच्या रुमालाखाली दोन गुलाबी-पिवळी मार्झिपानची अंडी, एखादा बन, थोडी चॉकलेटं. मी हसून ‘थँक यू आंटी’ म्हणायची, दार लावायची आणि अर्ध्या तासाने ती डिश जशीच्या तशी खाली वॉचमनकाकांना देऊन यायची. का? तर त्यात अंड्याचा पांढरा बलक असतो म्हणून. माझं घर साताऱ्याचं, शुद्ध शाकाहारी. आता ऑफिसमध्ये दर महिन्याला कोणाचा तरी बर्थडे असतो आणि त्या केकमध्ये काय काय आहे हे मी आजवर एकदाही विचारलेलं नाही, हा मुद्दा तेव्हा माझ्या डोक्यात का आला नाही, ते मला विचारू नका.

२०२४ला मात्र मी ते खाल्लं. आदल्या रात्री उशिरापर्यंत काम चाललं होतं, घरात दूधसुद्धा नव्हतं आणि डिश समोर होती. खाल्लं आणि वाटलं, अरेच्चा, ही तर काजूकतली! आपण किती ब्रॉडमाइंडेड झालो, म्हणून स्वतःवरच जाम खूश झाले.

मग आलं २०२५. ईस्टर होता २० एप्रिलला आणि मार्चच्या अखेरीस आंटी बाथरूममध्ये घसरल्या. उजवं मनगट फ्रॅक्चर. मुलगा परदेशात, सून परदेशात. व्हिडिओ कॉलवर मुलगा म्हणाला, ‘मम्मा, यंदा बेकरीतून मागव ना, मी पैसे पाठवतो.’ मी तिथेच बसले होते, दुधाची पिशवी द्यायला गेले होते. आंटींनी फोन ठेवला आणि बराच वेळ त्या प्लास्टरकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘विकतचं वाटायचं तर मी कशाला वाटू? बेकरीवालाच वाटेल की.’

माझ्या तोंडून निघून गेलं, ‘आंटी, मी करू का?’

त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. त्या नजरेत विश्वास अजिबात नव्हता. ‘बाय, तुला चपाती गोल येते का?’ येत नाही. पण अंडं कुठे गोल असतं?

ईस्टरला अंडीच का, हे मला त्या आठवड्यात कळलं. मध्ययुगीन युरोपात ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात मांसाबरोबर अंडीही वर्ज्य असत. पण कोंबड्यांना कोण सांगणार उपवास आहे म्हणून? त्या अंडी देतच राहायच्या, घरात साठा व्हायचा आणि उपवास सुटला की त्याच अंड्यांची चंगळ. आपल्याकडे चातुर्मासात कांदा सोडायचा म्हणून त्याआधी कांदेनवमीला भजी हाणतात. तसंच हे, फक्त चंगळ नंतर. पोकळ चॉकलेटचं अंडं फार पुढचं. ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने ते १८७३मध्ये काढलं, कॅडबरीने १८७५मध्ये. आणि आपल्या वसईचं मार्झिपान? बदाम महाग, म्हणून मुंबई-वसई-गोव्याकडे सर्रास काजू. तो काजूही ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी आणलेला. १५३४ ते १७३९, तब्बल दोनशे वर्षं वसई पोर्तुगीजांकडे होती. चिमाजीअप्पांनी किल्ला घेतला, पण इथल्या गावांतले ईस्टरचे साचे फडताळातच राहिले!

तर मंगळवारी रात्री साडेआठला, खांद्यावर लॅपटॉपची बॅग घेऊनच मी आंटींच्या किचनमध्ये हजर. त्यांनी सगळं काढून ठेवलं होतं.

पाव किलो काजू. भाजायचे नाहीत, रंग जातो. अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवायचे, मग दोन चमचे पिठीसाखर घालून मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवायचे. सुरू-बंद, सुरू-बंद. मी सवयीप्रमाणे बटण दाबून मोबाइलमध्ये बॉसचा मेसेज बघत उभी राहिले आणि काजूचं तेल सुटलं. ‘आता हे पावाला लाव,’ आंटी म्हणाल्या. (लावलं. झकास लागतं. पण काजूचे भाव काय आहेत, माहितेय ना?) दुसरा पाव किलो नीट दळला, चाळला. त्यात पाव किलो पिठीसाखर आणि दोन अंड्यांचा पांढरा बलक, जाड बुडाच्या कढईत, अगदी मंद आचेवर. काही जण बलक कच्चाच मळतात. आंटींच्या मते एप्रिलच्या उकाड्यात हा खुळेपणा आहे, आणि पोट बिघडू शकतं हे खरंच आहे. शिजवाच. हलवत राहायचं. दहा-बारा मिनिटांत गोळा कढईच्या कडा सोडतो. चिमूटभर घेऊन गोळी वळून बघायची. बोटांना चिकटली नाही की गॅस बंद. शेवटी चमचाभर गुलाबपाणी आणि बदामाच्या इसेन्सचे दोनच थेंब. तिसरा थेंब पडला की खोकल्याचं औषध!

पण हे सगळं नंतर झालं. त्याआधी मी अंडी फोडायला घेतली तेव्हा आंटींनी डाव्या हाताने मला अडवलं. ‘आधी बिनअंड्याची करून घे. चार पुरेत. मग भांडी तीच वापरता येतील.’

‘बिनअंड्याची कोणासाठी?’

‘तुझ्यासाठी. गेल्या वर्षी नाही का केली? वर हिरवं पान होतं बघ.’

मला आठवलं. हिरव्या आयसिंगचं एक छोटं पान होतं खरं. मला वाटलं होतं डेकोरेशन आहे.

वॉचमनकाकांच्या मुलीने त्यांना २०२३ला जिन्यात गाठून सांगितलं होतं, ‘आंटी, गुलाबी अंडं एकदम मस्त होतं!’ आणि आंटींनी वॉचमनच्या डिशमध्ये त्या वर्षी दोन्ही पिवळी ठेवली होती. गुलाबी फक्त आमच्या मजल्याला. बस, हिशेब लागला. मला एका शब्दाने विचारलं नाही. पुढच्या वर्षी माझ्यासाठी वेगळी कढई चढवली, एवढंच. माझं ते ब्रॉडमाइंडेड वगैरे सगळं काजूकतलीच होतं, अक्षरशः!

मी ‘सॉरी आंटी’ म्हणाले. त्या म्हणाल्या, ‘पाक बघ, जळेल.’

तर तुमच्या घरीही अंड्याचा प्रॉब्लेम असेल, किंवा घरमालकाची अट असेल, तर ही बिनअंड्याची रीत लिहून घ्याच. दीडशे ग्रॅम साखर, ७५ मिली पाणी, एकतारी पाक. त्यात पाव किलो दळलेले काजू घालून मंद आचेवर गोळा कडा सोडेपर्यंत हलवा. खाली उतरवून, हाताला सोसेल इतपत गरम असतानाच तुपाच्या बोटाने मळा. साच्यासाठी थोडं घट्ट लागतं, म्हणून मळताना दोन-तीन चमचे पिठीसाखर घाला. गोळ्याला चिरा पडत असतील तर जास्त शिजलंय. चमचाभर कोमट दूध शिंपडून पुन्हा मळा, सावरतं. ढिलं वाटत असेल तर पुन्हा कढईत दोन मिनिटं. रंग एकच थेंब, तोही टूथपिकने. ईस्टरचे रंग फिके असतात हो, होळी होऊन गेलेली असते.

बुधवारी साचे. अंड्याचे अर्धे-अर्धे प्लास्टिकचे साचे क्रॉफर्ड मार्केटमध्ये मिळतात, ऑनलाइनही मिळतात. नसतील तर सरळ हाताने पेढ्यासारखं वळा, कोणी रागावत नाही. साच्यात आधी पिठीसाखर भुरभुरायची, ही माझी विसरलेली पायरी. पहिली सहा अंडी चिकटून फुटली. आंटी स्टुलावर बसून प्लास्टरच्या हाताने हवेत साचा आपटून दाखवत होत्या, ‘अगं असं, तिरकं!’ सातवं अलगद निघालं. दोन अर्धुकं साखरेच्या पाकाने जोडायची आणि पंख्याखाली जाळीवर दोन दिवस सुकू द्यायची. वसईच्या दमट हवेत फ्रीजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर घाम फुटतो. अंड्यांना, आणि मग आपल्यालाही.

गुड फ्रायडेला आंटींकडे गोडधोड करत नाहीत. उपास, चर्च, शांतता. फक्त बन. हे हॉट क्रॉस बन ऑफिसवाल्यांसाठी एकदम सोयीचे आहेत, कारण पीठ गुरुवारी रात्री मळून फ्रीजमध्ये टाकता येतं. पाव किलो मैदा, चमचाभर इन्स्टंट यीस्ट, ४० ग्रॅम साखर, अर्धा चमचा मीठ, अर्धा चमचा दालचिनी पूड, थोडं जायफळ, दीडशे मिली कोमट दूध. दूध गरम नको, यीस्ट मरतं. बोट बुडवून सहज राहिलं पाहिजे. दहा मिनिटं मळा, मग ३० ग्रॅम लोणी आणि मूठभर बेदाणे, संत्र्याची किसलेली साल. फ्रीजमध्ये रात्रभर सावकाश फुगलं की चवही चांगली उतरते. सकाळी आठ गोळे करून ट्रेमध्ये जवळजवळ ठेवा. एप्रिलमध्ये तासाभरात दुप्पट होतात. तीन चमचे मैदा आणि तेवढंच पाणी यांची पेस्ट दुधाच्या स्वच्छ पिशवीचा कोपरा कापून त्यातून क्रॉससारखी घाला. ओटीजी आधी तापवून १९० डिग्रीला १८-२० मिनिटं. बाहेर काढल्याबरोबर वरून साखरपाण्याचा हात फिरवला की चकाकतात. माझे दोन बन खाली जरा करपले. ते मी खाल्ले.

आणि ज्यांना कढई, पाक, यीस्ट यातलं काहीच झेपणार नाही त्यांच्यासाठी घरटी. दोनशे ग्रॅम कंपाउंड चॉकलेट मायक्रोवेव्हमध्ये तीस-तीस सेकंदांनी हलवत वितळवा, शंभर ग्रॅम कॉर्नफ्लेक्स त्यात घोळवा, कपकेकच्या कागदात चमचा दाबून मधे खळगा करा, फ्रीजमध्ये अर्धा तास. वर तीन रंगीत गोळ्या. पंधरा मिनिटांचं काम, आणि ऑफिसमध्ये भाव मात्र असा खाता येतो की ज्याचं नाव ते! कंपाउंडच घ्या. खरं चॉकलेट ठरावीक तापमानाला आणून निववावं लागतं, नाहीतर पांढरे डाग पडतात.

शनिवारी रात्री आंटी चर्चला निघाल्या तेव्हा मी आयसिंगचा कोन घेऊन अंड्यांवर फुलं काढत होते. दाराशी थांबून त्या म्हणाल्या, ‘पानं विसरू नको.’

रविवारी सकाळी आम्ही दोघी निघालो. ट्रे माझ्या हातात, पुढे आंटी, कडक इस्त्रीचा ड्रेस आणि प्लास्टरवर मॅचिंग स्कार्फ. प्रत्येक दाराशी त्या सांगत होत्या, ‘यंदा हिने केलं हं, माझं काही नाही.’ आणि डिश उचलून द्यायच्या मात्र स्वतःच, डाव्या हाताने. दुसऱ्या मजल्यावर एका काकूंनी तिथेच चाखून ‘दर वर्षीसारखंच झालंय’ म्हटलं, तेव्हा आंटींचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. माझं कौतुक नव्हतं ते, पण चालतंय. वॉचमनकाकांच्या मुलीला या वेळी दोन गुलाबी दिली.

ट्रेमध्ये शेवटच्या दोन डिश राहिल्या. एक पानवाली, एक त्यांची स्वतःची.

‘घे,’ आंटी म्हणाल्या.

मी त्यांच्या डिशमधलं एक उचललं आणि पानवालं एक त्यांच्या डिशमध्ये ठेवलं. त्यांनी ते लगेच तोंडात टाकलं, डोळे मिटून चघळलं. मी श्वास रोखून उभी.

‘पाक जरा पुढे गेलाय,’ त्या म्हणाल्या. ‘पुढच्या वर्षी मी उभी राहते जवळ.’

प्लास्टर निघून महिने झाले. यंदा, २०२६ला, ईस्टर लवकर आहे, ५ एप्रिलला. आंटींनी काजूची यादी आत्ताच व्हॉट्सअॅपवर पाठवलीय. त्यात एक किलो लिहिलंय आणि खाली, ‘पाव किलो जास्त आण, तू मिक्सर लावून फोन बघतेस.’