समुपदेशनाची पाटी आणि समाजाचे कर्तव्य

मानसशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेली गोंदिया जिल्ह्यातील एखादी तरुणी आपल्याच गावी समुपदेशन केंद्र काढण्याचा विचार बोलून दाखवते, तेव्हा तिला दोन उत्तरे हमखास ऐकावी लागतात. पहिले उत्तर घरातून येते: ‘इथे पैसे देऊन बोलायला कोण येणार? नागपूरला जा, नाहीतर पुण्याला जा.’ दुसरे उत्तर समाजातील जाणत्या मंडळींकडून येते: ‘आपली कुटुंबव्यवस्था भक्कम आहे, घरात गीता आहे, ज्ञानेश्वरी आहे, ही पाश्चात्त्यांची थेरे आपल्याला कशाला?’ पहिल्या उत्तरात व्यवहारज्ञान दिसते, दुसऱ्यात संस्कृतीचा अभिमान. प्रत्यक्षात दोन्ही उत्तरे चुकीची आहेत. आणि दुसरे तर ज्या संस्कृतीच्या नावाने दिले जाते, तिचाच अवमान करणारे आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या आठ तालुक्यांच्या जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेनुसार १३ लाख २२ हजारांवर होती. बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात महाराष्ट्र नव्हता. पण गोंदियाच्या सीमेला लागून असलेली मध्य प्रदेश आणि छत्तीसगड ही दोन्ही राज्ये होती. प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आणि विकारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नसल्याचे त्या पाहणीने दाखवले. देशात एक लाख लोकसंख्येमागे मनोविकारतज्ज्ञांचे प्रमाण ०.७५ इतके सांगितले जाते. इष्ट प्रमाण ३ मानले जाते. या हिशेबाने गोंदियासारख्या जिल्ह्याला सुमारे चाळीस मनोविकारतज्ज्ञ हवेत. देशाची सरासरी धरली तरी दहा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात महाराष्ट्रात २२ हजार ७४६ जणांनी आत्महत्या केली. देशातील सर्व राज्यांत हा आकडा सर्वाधिक होता. शिवरायांच्या आणि संतांच्या भूमीला हे भूषणावह आहे काय?

गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून चालू आहे. परंतु शासकीय बाह्यरुग्ण विभागाची रांग आणि घड्याळ ज्याने पाहिले आहे, त्याला ठाऊक आहे की तेथे गोळी लिहून मिळते. तासभर ऐकून घेणारा कान मिळणे अवघड. विदर्भाचे प्रादेशिक मनोरुग्णालय नागपुरात. देवरीच्या किंवा अर्जुनी मोरगावच्या माणसाला तेथे जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडणार आणि सोबत येणाऱ्याचीही बुडणार. ऐन रोवणीत किंवा धानाच्या मळणीत कोण जाणार? आणि ‘पागलखान्यात गेला होता’ हा शिक्का बसला की मुलीचे लग्न जुळताना तो आडवा येणार. मग माणूस भगताकडे जातो, मांत्रिकाकडे जातो. कुणी चंगाई सभेच्या मंडपात जाऊन बसतो. अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांविरुद्ध महाराष्ट्राने २०१३ मध्ये कायदा केला. दुःखी माणसाला फसवणारा भगव्या वस्त्रातला असो वा पांढऱ्या झग्यातला, तो सारखाच गुन्हेगार आहे. पण नुसत्या कायद्याने त्याचे गिऱ्हाईक तुटत नाही. शेजारी खरा उपाय उपलब्ध असला, तरच ते तुटते.

आता कुटुंबव्यवस्थेचा मुद्दा. हिंदू कुटुंब ही या समाजाची मोठी शक्ती आहे, यात शंका नाही. परंतु ज्या घरातील दोन्ही मुले पुण्यात आणि रायपूरमध्ये नोकरीला आहेत आणि मागे म्हातारा-म्हातारी दोघेच उरली आहेत, त्या घरी ही शक्ती किती उरली आहे? वैद्यकीय प्रवेश परीक्षेत दुसऱ्यांदा अपयश आलेला मुलगा आपली निराशा कोणाला सांगणार? ज्या बापाने शेत गहाण टाकून शिकवणीची फी भरली, त्या बापाला? नवऱ्याच्या दारूने पिचलेली सून सासूजवळ मन मोकळे करू शकेल काय? जेव्हा दुःखाचे मूळच घरात असते, तेव्हा घराबाहेरचा, विश्वासाचा, गुप्तता पाळणारा माणूस लागतो. पूर्वी हे काम गुरू, कुलपुरोहित, गावातील एखादी वडीलधारी स्त्री करीत असे. ती माणसे गेली, त्यांची जागा मात्र रिकामी राहिली. ती जागा योग्य माणसाने भरू नये असा आग्रह धरणे, हे कुटुंबाचे रक्षण कसे ठरेल?

आणि गीता? गीता घरात आहे म्हणून समुपदेशकाची गरज नाही, असे म्हणणाऱ्यांनी ती लाल कापडातून सोडून एकदा नीट वाचावी. पहिला अध्याय अर्जुनाच्या विषादाचा आहे. तोंडाला कोरड पडणे, अंगाला कंप सुटणे, हातातून गांडीव गळणे, मन भ्रमणे ही लक्षणे तेथे तपशिलाने सांगितली आहेत. भगवंतांनी हे सर्व ऐकून घेतले. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी दोन श्लोकांत त्यांनी अर्जुनाला फटकारले, पण त्या फटकाऱ्याने काम झाले नाही. अर्जुन पुन्हा बोलला, शिष्यभावाने शरण आला, आणि त्यानंतरच खरा उपदेश सुरू झाला. अठराव्या अध्यायाच्या अखेरीस तर सर्व सांगून झाल्यावर, यावर पूर्ण विचार करून तुला वाटेल तसे कर, असे भगवंत सांगतात. आधी ऐकणे, मग प्रश्नोत्तरे, आणि शेवटी निर्णय ज्याचा त्याच्यावर सोपवणे: समुपदेशनाच्या आधुनिक शास्त्राचा कणा याहून वेगळा नाही. आपल्याकडे मात्र ‘मन घट्ट कर’ एवढे दोन शब्द फेकून गीता सांगितल्याचे समाधान मानले जाते.

दोष एकाच बाजूला नाही. आपल्या विद्यापीठांतून बाहेर पडणाऱ्या मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याला फ्रॉइड, रॉजर्स, बेक ही नावे पाठ असतात. १९२२ मध्ये कोलकात्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन करणारे आणि फ्रॉइडशी पत्रव्यवहारातून बरोबरीने मतभेद मांडणारे गिरींद्रशेखर बोस त्याला ठाऊक नसतात. अमृतसरच्या मनोरुग्णालयात १९५०च्या दशकात रुग्णांच्या नातलगांना आवारात तंबूत ठेवून उपचारात सामील करून घेणारे डॉ. विद्यासागर, गुरू-शिष्य नात्यात उपचाराची शक्यता आहे असे १९७३ मध्ये मांडणारे डॉ. जसवंतसिंग नेकी, स्वतःची शक्ती विसरलेल्या हनुमंताला जांबवंताने तिची आठवण करून दिली या कथेतून मनोपचाराचे तत्त्व २००४ मध्ये उलगडणारे डॉ. नरेंद्रनाथ विग यांची ओळख किती अभ्यासक्रम करून देतात? महाराष्ट्रात डॉ. अप्पा पेंडसे या मानसशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये ज्ञान प्रबोधिनी उभी केली. १९९० मध्ये ठाण्यात ‘आयपीएच’ उभी करणारे डॉ. आनंद नाडकर्णी यांनी विवेकनिष्ठ उपचारपद्धतीचा वेदान्ताशी संवाद मराठीतून मांडला. ही परंपरा घरची असताना परक्या भाषेतील प्रश्नावल्या जशाच्या तशा वाचून दाखवणारा समुपदेशक सालेकशाच्या गोंड वनवासी स्त्रीला काय समजणार? ती ‘नैराश्य’ म्हणत नाही. ‘जीव लागत नाही, छातीत धडधडते’ असे म्हणते. मराठीबरोबर पोवारी, गोंडी, छत्तीसगढी बोलणाऱ्या या जिल्ह्याला येथलीच माणसे हवीत ती याच कारणासाठी.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे. चार-सहा आठवड्यांचे प्रमाणपत्र घ्यायचे, ‘लाइफ कोच’ म्हणून पाटी लावायची आणि माणसांच्या जखमांशी खेळायचे, असा धंदा शहरांतून बोकाळला आहे. तो लहान गावांत पोहोचायला वेळ लागणार नाही. १९९२च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्यानुसार चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाला परिषदेकडे नोंदणी आवश्यक आहे. नोंदणीविना व्यवसाय करणाऱ्यास जास्तीत जास्त एक वर्ष कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एक हजार रुपये! भोंदू समुपदेशक ही रक्कम एका बैठकीत वसूल करतो. २०२१च्या संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिक कायद्याने इतर मानसशास्त्रज्ञ व समुपदेशकांनाही नोंदणीच्या कक्षेत आणले. परंतु कायदा राजपत्रात छापून आला म्हणजे गल्लीतली पाटी तपासली जाते, असे नाही. ती तपासण्याची मागणी जागरूक समाजालाच करावी लागेल.

पात्र व्यक्तीने व्यवसाय थाटताना काय पाळावे, हेही स्पष्ट असले पाहिजे. आपली पदवी आणि नोंदणी क्रमांक भिंतीवर दिसेल असा लावावा. औषध देण्याचा अधिकार समुपदेशकाला नाही. भास, आत्महत्येचा विचार, टोकाचा उन्माद दिसला तर रुग्णाला विनाविलंब मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ गोपनीयतेचा हक्क देतो. तेव्हा खोली अशी हवी की बाहेर बसलेल्याला आतले ऐकू येणार नाही. छोट्या शहरात दारात उभी असलेली दुचाकीसुद्धा ओळखली जाते, याचे भान हवे. अनुभवी व्यक्तीकडून आपल्या कामाची नियमित तपासणी करून घ्यावी. आणि शुल्क घ्यावे. सेवा म्हणजे फुकट, हा गैरसमज अनेक चांगली कामे बुडवून बसला आहे. वैद्याला मानधन आणि पुरोहिताला दक्षिणा देणाऱ्या समाजाने समुपदेशकाच्या शुल्काला नाक मुरडू नये. ज्याला परवडते त्याने पूर्ण द्यावे, म्हणजे ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी आठवड्यातील काही तास राखून ठेवता येतील.

‘येथे कोण येणार?’ या शंकेचे उत्तर विदर्भानेच दिले आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांमार्फत काम केले. नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, असे २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो. विश्वासाचा माणूस जवळ असला की लोक येतात.

म्हणून गोंदिया, तिरोडा, आमगाव येथील कार्यकर्त्यांपुढे काही साधी कामे आहेत. पात्र तरुण-तरुणीला पहिली दोन वर्षे बाजारपेठेत परवडणाऱ्या भाड्याची खोली मिळवून द्यावी. शाळा-महाविद्यालयांनी आणि राइस मिलच्या मालकांनी आपल्या विद्यार्थ्यांसाठी, कामगारांसाठी तिचे ठरावीक तास घ्यावेत. दिवाळीनंतरच्या मंडईत, झाडीपट्टीच्या नाटकांना हजारो लोक जमतात. तेथे या विषयाचा एक फलक आणि १४४१६ हा शासनाच्या ‘टेलिमानस’ सेवेचा क्रमांक लागावा. आणि प्रत्येक घराने आपल्या मुलाला एवढे एकदा सांगावे, की मनाचे दुखणे बोलून दाखवणे हा भेकडपणा नाही. अर्जुनानेही ते रणांगणावर, दोन्ही सैन्यांच्या मध्ये रथ उभा करून बोलून दाखवले होते.